नेपाळात घरबांधणीचे बारा दिवस: जेवणाला पाच तारे, हेल्मेटला शून्य

पाचपैकी अडीच. आधीच सांगून टाकते, म्हणजे ज्यांना नुसता आकडा हवाय ते इथूनच परत फिरतील.

मी लातूरची. भावाबरोबर छोटी बांधकामं घेते, साइटवर दिवसभर उभं राहायचं काम माझ्याकडे. २०१८ची दिवाळी उरकली आणि नोव्हेंबरच्या मध्यावर बारा दिवसांसाठी नेपाळला गेले. सिंधुपाल्चोक जिल्हा, चौताऱ्याच्या वरच्या अंगाला डोंगरातलं गाव. बाहेरदेशचे स्वयंसेवक नेऊन भूकंपात पडलेली घरं उभी करणारी एक संस्था आहे, तिच्यामार्फत. नाव घेत नाही. भांडण काढायचं नाहीये, पुढच्याला सावध करायचंय. फी पंचेचाळीस हजार, विमानाचं ज्याचं त्याने.

नेपाळच का? किल्लारीच्या भूकंपामुळे. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. गणपती बोळवून लोक झोपले होते. मी चौदा वर्षांची. मामाचं माळवदाचं घर होतं, दोन-अडीच फूट जाडीच्या दगडमातीच्या भिंती. उन्हाळ्यात काय गार वाटायच्या! त्याच आडव्या झाल्या. नेपाळातला २५ एप्रिल २०१५चा भूकंप ७.८चा, शनिवारी ११ वाजून ५६ मिनिटांनी आला. दोन्हीकडे घड्याळात छप्पन्नच मिनिटं, हे आपलं उगाच माझ्या डोक्यात बसलंय. तिकडे शनिवारी सुट्टी असते, शाळा रिकाम्या होत्या, म्हणून बरीच पोरं वाचली. तरी नऊ हजारांच्या आसपास माणसं गेली आणि त्यातली सगळ्यात जास्त ह्याच जिल्ह्यातली.

आता संस्थेबद्दल. काठमांडूत पहिल्या संध्याकाळी ‘सुरक्षा प्रशिक्षण’ झालं. वीस मिनिटं. त्यातली बारा टी-शर्ट वाटण्यात आणि फोटोत गेली. मग एकेक पिवळं हेल्मेट हातात. माझ्या वाट्याच्या हेल्मेटला हनुवटीचा पट्टाच नव्हता आणि मागची कसायची चकती नुसती गरागरा फिरत होती. उलटं करून पाहिलं. आत गोलात महिने आणि बाण असा ठसा असतो, त्यावरून ते कधी बनलं ते कळतं. इथे तो घासून गेलेला. उतारावर खाली वाकून दगड उचलायचे. बिनपट्ट्याचं हेल्मेट पहिल्या वाकण्यातच खालच्या शेतात. मी घरून माझं आणलं होतं, आयएस २९२५ची खूण असलेलं, आणि पोलादी टोकाचे बूटही. बाकी नऊ जण धावायच्या बुटांत. हातमोजे सुती. सुती हातमोजा सिमेंटचं पाणी शोषतो आणि दिवसभर कातडीला चिकटवून ठेवतो, त्यापेक्षा उघडा हात परवडला.

पहिल्याच सकाळी आम्हाला काम कुठलं दिलं असेल? जुन्या घराची उरलेली भिंत पाडायचं. साइटवरचं सगळ्यात धोक्याचं काम, आणि ते नवख्यांना, कारण म्हणे ‘त्यात कौशल्य लागत नाही’. मी भिंत बघितली आणि पोटात गोळा आला. भिंतीला पोट सुटलं होतं. अशी भिंत बाहेरून एक दिसते, पण आत दोन असतात: बाहेरचा थर वेगळा, आतला वेगळा, मध्ये माती आणि बारीक दगडं. दोन्हींना बांधून ठेवणारा आरपार दगड नसला की हादऱ्याने थर सुटतात. किल्लारीला हेच झालं होतं. खालून पहार घातली असती तर वरचा सगळा भार अंगावर.

मी नाही म्हटलं. समन्वयक तरुण, गोड बोलणारा. म्हणाला, मॅडम, वेळापत्रकात आहे. तेवढ्यात तिथली गवंडीण आली. भूकंपानंतर तिकडे बऱ्याच बायकांनी गवंडीकाम शिकून घेतलं, ही त्यांतली. चाळिशीची, पायात गमबूट. तिने भिंतीकडे पाहिलं, आमच्याकडे पाहिलं आणि सगळ्यांना हाताने लांब सारलं. मग तिने आणि दोन गड्यांनी वरून, एकेक दगड काढत, दोन दिवसांत ती उतरवली. आम्ही लांबून डोकोत भरून दगड वाहिले. डोको म्हणजे तिकडची पाठीवरची टोपली, पट्टा कपाळावर घेतात.

अडीच ताऱ्यांतले दोन तरी तिचे आहेत. परांचीच्या फळीचं टोक आधाराबाहेर दोन हात लोंबत होतं. त्यावर पाय पडला तर फळी उलटणार. तिने ती मागे ओढली, तारेने आवळली आणि वर चढून स्वतः दणकन उडी मारून बघितली. कुणी घाई केली की म्हणायची, “हतार नगर्नुस्, दिदी.” घाई नका करू. खरं तर घाई तिलाच असायला हवी होती. घरमालकाला सरकारचे तीन लाख नेपाळी रुपये हप्त्यांनी मिळणार होते; इंजिनिअर येऊन काम तपासणार, मग पुढचा हप्ता. वर थंडी तोंडावर. तरी प्रत्येक थरात आरपार दगड मोजून बसवल्याशिवाय ती ओळंबा खाली ठेवत नव्हती.

तरी एक अपघात झालाच. आठव्या दिवशी संडासाच्या जमिनीचं काँक्रीट चाललं होतं. बेल्जियमचा एक पोरगा, वय एकवीस, पातळ पँटवर गुडघे टेकून तासभर पट्टी मारत बसला. मी दोनदा हटकलं, तो हसला. ओलं सिमेंट कातडी जाळतं आणि वाईट म्हणजे जळताना कळत नाही. संध्याकाळी दोन्ही गुडघे लालभडक, रात्री फोड. अशा वेळी कपडे काढून वाहत्या पाण्याखाली भरपूर वेळ धरायचं असतं. पाणी कुठाय? नळ दहा मिनिटं खाली आणि भरून ठेवलेली दोन पिंपं काँक्रीटमध्ये संपलेली. संस्थेच्या प्रथमोपचार पेटीत पट्ट्या, मलम आणि मुदत संपलेलं आयोडीन. सकाळी जीपने धुलीखेलच्या हॉस्पिटलात नेला, तीन तास लागले. तिथे उपचार उत्तम झाले, पण बिल त्याच्या गळ्यात आलं: विम्याच्या कागदात बारीक अक्षरात होतं, अंगमेहनतीचं काम वगळून. मी माझी पॉलिसी निघायच्या आधी फोन करकरून वाचून घेतली होती, तीतही हेच निघालं. जास्तीचे पैसे भरून ते कलम काढून घेतलं. हा फोन तुम्हीही करा, आणि तिकीट काढायच्या आधी करा. धनुर्वाताचं इंजेक्शन तर हवंच, गंजक्या सळया जागोजाग असतात.

आता चांगलं. जेवण! डाळभात, मुळ्याचं लोणचं, गुंद्रुक (आंबवून वाळवलेली पालेभाजी), आणि परत परत वाढणारी आजी. माझ्या चकल्या तिने शेजारी वाटून टाकल्या आणि बदल्यात सेलरोटी, म्हणजे तांदळाच्या पिठाची तळलेली गोल कडी, बांधून दिली. झोपायची सोय कोरडी, पांघरुणं जाड. गावाची माणसं कुठेही असती तरी पाच तारेच दिले असते, पण ती काही संस्थेने बनवलेली नाहीत.

महिन्याभराने संस्थेचा अभिप्रायाचा फॉर्म आला. पंधरा प्रश्न. टी-शर्टचा माप बरोबर होता का, इंटरनेट कसं होतं, ‘अनुभवाने तुम्ही बदललात का’. हेल्मेट, पाणी, परांची ह्यांबद्दल एकही नाही. मी शेवटच्या मोकळ्या चौकटीत लिहिलं, साइटवर दोन पिंपं पाणी नुसतं धुण्यासाठी राखून ठेवा आणि सुरक्षेचं प्रशिक्षण त्या गवंडिणीला द्यायला लावा, पगार देऊन. उत्तर आलं: मनःपूर्वक धन्यवाद, पुढच्या वर्षीच्या नोंदणीवर दहा टक्के सवलत.