नवी व्हीएमसी की जुन्याच लेथवर नवे जॉब?

कुपवाड-मिरज एमआयडीसीत ज्यांचं शेड इंजिनच्या जॉबवर, म्हणजे इंजिनचे सुटे भाग करून देण्यावर चालतं, ते बरेच जण सध्या एकाच प्रश्नापाशी अडलेत. कर्ज काढून व्हीएमसी (संगणकावर चालणारी उभी मिलिंग मशीन) घ्यायची आणि इलेक्ट्रिक गाड्यांची मोटर हाउसिंग, कंट्रोलरचे बॉक्स असली ॲल्युमिनियमची कामं धरायची, की आहेत त्याच सीएनसी (संगणकावर चालणाऱ्या) लेथवर इंजिनशी संबंध नसलेले जॉब शोधायचे? मी दुसरं केलं. पहिलंही करून पाहिलं होतं, शेजारच्या शेडमधल्या व्हीएमसीवर तासाच्या भाड्याने.

आधी आपल्याच जॉबची यादी काढून बसा. व्हॉल्व्ह गाइड, रॉकर शाफ्ट, सायलेन्सरचा फ्लँज यांना बॅटरीच्या गाडीत जागाच नाही. हब, ब्रेक ड्रम, स्टिअरिंग नकल मात्र राहणार. आणि हे सगळं रातोरात होतं म्हणतात, ते मला पटत नाही. गाड्यांच्या धुराचा बीएस-6 नियम लागू झाला 1 एप्रिल 2020 ला, पण मधला बीएस-5 गाळणार हे सरकारने जानेवारी 2016 मध्येच सांगून टाकलं होतं. चार वर्षं हातात होती. शिवाय आपल्यासारख्याला बातम्यांच्या आधी कंपनीच्या शेड्यूलमधून, म्हणजे दर महिन्याच्या मागणीच्या यादीतून कळतं. चालू महिन्याचे नग तेवढेच असतात, पुढच्या दोन महिन्यांचे आकडे मात्र बारीक व्हायला लागतात.

व्हीएमसीच्या बाजूने बोलायचं तर नगाला दर बरा मिळतो, ॲल्युमिनियम पटापट कटतं, इन्सर्टही (कापणाऱ्या टूलचं टोक) जास्त टिकतो. सीजीटीएमएसई या लहान उद्योगांच्या कर्जाला हमी देणाऱ्या सरकारी ट्रस्टच्या हमीची मर्यादा एप्रिल 2025 पासून 10 कोटी झाल्याने तारणाची कटकटही थोडी कमी झालीय. ॲल्युमिनियमची बर (कापताना निघणारा कीस) बिडाच्या बोरिंगमध्ये, म्हणजे बिडाच्या चुऱ्यात मिसळली तर भंगारवाला भाव पाडतो, एवढं सांभाळावं लागतं. ते जमतं.

मला नाही जमलं ते ड्रॉइंगचं. इंजिनचा जॉब एकदा लागला की वर्षानुवर्षं तेच ड्रॉइंग. इथे गाडीच अजून घडतेय, त्यामुळे ड्रॉइंगमध्ये रिव्हिजनवर रिव्हिजन, म्हणजे बदलावर बदल. हाउसिंगसाठी फिक्स्चर (जॉब मशीनवर पकडून ठेवणारा साचा) बनवून घेतलं, लोकेटिंग पिना बसवल्या, पहिले नग पास झाले. तेवढ्यात मेल आला: माउंटिंगचं एक होल चार मिलिमीटर सरकवलंय आणि बॉसची (होलभोवतीच्या उंचवट्याची) उंची वाढवलीय. सरकलेलं होल नेमकं आमच्या क्लॅम्पखाली! फिक्स्चर भंगारात, कापून ठेवलेले नग रॅकवर. खर्चाचं विचारलं तर उत्तर ठरलेलं, ‘पुढच्या ऑर्डरमध्ये बघू.’ नवं फिक्स्चर होऊन सेटिंग लागतंय तोवर पुढची रिव्हिजन हजर. मशीन भाड्याची होती म्हणून मी सुटलो. हप्ता चालू असता तर रात्री झोप लागली नसती.

लेथच्या बाजूला एवढा थाट नाही. आमच्याकडे आता पंपाचे शाफ्ट आणि हब जास्त चालतात. पंपाचं काम आपल्या भागाला नवं नाही, किर्लोस्करवाडी जवळच आहे. मागेल त्याला सौर कृषी पंप योजनेत वीज उन्हातून आली तरी पंप फिरवायला शाफ्ट लागतोच. लेथच्या चकचे जॉ (जॉब धरणारे जबडे) बदलले, प्रोग्रॅम बदलले, मापं तपासायची दोन-तीन नवी गेज घेतली, खर्च तेवढाच. ऑपरेटरही तेच राहिले, आणि माझ्या मते ही सगळ्यात मोठी बचत. दर कमी आहे, हे खरं. पावसाळ्यात काम मंदावतं. पेमेंट मात्र पूर्वीपेक्षा बरं म्हणायचं. लहान उद्योगाला 45 दिवसांत पैसे दिले नाहीत, तर देणाऱ्याला तो खर्च पैसे चुकते करीपर्यंत आयकरात दाखवता येत नाही. हा नियम आल्यापासून निदान मार्चअखेर तरी फोन न करता पैसे येतात.

तुमचं गणित वेगळं असू शकतं. घरात कॅड-कॅम (संगणकावर डिझाइन आणि मशीनचा प्रोग्रॅम करणं) येणारं कुणी असेल आणि कंपनी टूलिंगची वेगळी पीओ (लेखी खरेदी ऑर्डर) द्यायला तयार असेल, रिव्हिजन झाली तर फिक्स्चरचे आणि पडून राहिलेल्या नगांचे पैसे देऊ असं त्यात लिहून देत असेल, तर व्हीएमसी जरूर घ्या. आमच्याच लाइनीत एकाचं उत्तम चाललंय. त्याची मुलगी फिक्स्चर स्वतः डिझाइन करते, रिव्हिजन आली की दोन दिवसांत बदलून देते. नुसत्या तोंडी शब्दावर मात्र मी तरी हप्ता अंगावर घेणार नाही.