रिअलटेक ८१११एच लॅन कार्ड: मदरबोर्डचा पोर्ट खरंच गेला असेल तरच घ्या

मदरबोर्डवरचा लॅन पोर्ट विंडोजला दिसेनासा झाला की पीसीआयई एक्स१ (मदरबोर्डवरचा सर्वांत छोटा एक्स्पान्शन स्लॉट) लॅन कार्ड हा सर्वांत सरळ इलाज. रिअलटेक ८१११एच चिपची साधी गिगाबिट कार्डं या कामाला भरवशाची आहेत. फक्त, पोर्ट मेलाय की नुसता अडकलाय, हे आधी तपासा.

पीसी शटडाउन करून पॉवर आणि लॅन, दोन्ही केबल काढा. पॉवर बटण ३० सेकंद दाबून धरा, मग केबल परत जोडा. नुसत्या रीस्टार्टने हे होत नाही, कारण वेक-ऑन-लॅनसाठी (नेटवर्कवरून पीसी चालू करण्याची सोय) पीसी बंद असतानाही चिपला स्टँडबाय वीज मिळत राहते आणि अडकलेली चिप तशीच अडकून राहते. फरक पडला नाही तर बायोसमध्ये (पीसी सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये) ऑनबोर्ड, म्हणजे मदरबोर्डवरचा लॅन 'एनेबल' आहे ना बघा. शेवटची परीक्षा म्हणजे लिनक्सचा लाइव्ह पेन ड्राइव्ह (इन्स्टॉल न करता थेट चालणारा): त्यात 'एलएसपीसीआय' (lspci) या जोडलेली उपकरणं दाखवणाऱ्या कमांडच्या यादीत इथरनेट कंट्रोलर आला तर चिप जिवंत आहे, गोंधळ विंडोजच्या ड्रायव्हरचा आहे आणि कार्डाची गरज नाही. तिथेही नाव नसेल तर कार्ड घ्या. पोर्टाचा दिवा लागतोय यावर मात्र विसंबू नका; पीसीशी संपर्क तुटलेल्या चिपचाही दिवा लागू शकतो.

कार्ड एक्स४ किंवा एक्स१६ स्लॉटमध्येही चालतं. काही बोर्डांवर एम.२ एसएसडी लावली की एखादा छोटा स्लॉट बंद होतो, तेव्हा मॅन्युअल आधी वाचा. बारीक कॅबिनेट असेल तर सोबत कार्डाची आखूड (लो-प्रोफाइल) धातूची पट्टी येते का, हे विचारूनच घ्या. ती नसेल तर कार्ड बसणारच नाही. विंडोज १० आणि ११ ड्रायव्हर स्वतःच लावतात, लिनक्समध्ये तो कर्नेलमध्येच (सिस्टमच्या गाभ्यात) असतो. २.५ गिगाबिटचं ८१२५ चिपवालं कार्ड घेणार असाल तर ड्रायव्हर आधीच पेन ड्राइव्हवर उतरवून ठेवा, जुन्या विंडोजमध्ये तो नसतो आणि नेटशिवाय तो आणणार कुठून?

कार्ड बसलं, पण नेट नाही, अशी तक्रार बहुधा मॅक अॅड्रेसमुळे (प्रत्येक नेटवर्क कार्डाचा स्वतःचा ओळख क्रमांक) येते. कार्डाचा मॅक नवा असतो. राउटरवर किंवा नेट पुरवणाऱ्याकडे जुना बांधलेला असेल तर तो बदलून घ्यावा लागतो. स्टॅटिक आयपीही (हाताने ठरवलेला कायमचा नेटवर्क पत्ता) नव्याने भरावा लागतो. मेलेला ऑनबोर्ड पोर्ट बायोसमध्ये 'डिसेबल' करून टाका.

८१५३ चिपचा यूएसबी अॅडॉप्टर तात्पुरता ठीक, तोही यूएसबी ३ पोर्टात. यूएसबी २ मध्ये ४८० एमबीपीएसची मर्यादा आडवी येते, आणि नेटवर्कवरून बूट करायचं असेल तर बऱ्याच बायोसना तो दिसतच नाही.

स्पीड १०० एमबीपीएसवरच अडकला तर कार्ड परत करू नका, आधी केबल बदला. गिगाबिटला केबलमधल्या तारांच्या चारही जोड्या लागतात, १०० ला दोनच पुरतात.