टॅकोमाच्या ॲक्सलमध्ये ४.८८ चे गिअर: डेन्व्हरच्या एका डिफरन्शियल कार्यशाळेच्या कामाचे परीक्षण

टोयोटा टॅकोमाच्या तिसऱ्या पिढीतल्या, म्हणजे २०१६ ते २०२३ या काळातल्या, साडेतीन लिटर व्ही-६ इंजिनाच्या ऑटोमॅटिक पिकअपला ३३ इंची टायर लावले की चढावर तिचा दम तुटतो, ही तक्रार कोलोरॅडोतल्या टॅकोमावाल्यांना नवी नाही. तिच्यावरचा खरा इलाज म्हणजे पुढच्या आणि मागच्या दोन्ही ॲक्सलमधले क्राऊन-पिनियन, म्हणजे इंजिनाचा जोर चाकांकडे वळवणारी मोठ्या आणि लहान दातेरी चाकांची जोडी, बदलून गिअरचे गुणोत्तर (चाकाच्या एका फेऱ्यामागे पिनियनचे फेरे) वाढवणे. मी हे काम डेन्व्हर परिसरातल्या, फक्त डिफरन्शियल (ही जोडी जिच्यात बसते ती ॲक्सलमधली यंत्रणा) आणि ड्राइव्ह शाफ्टची कामे घेणाऱ्या एका लहान कार्यशाळेकडून करून घेतले आणि नायट्रो या कंपनीचा ४.८८ चा संच बसवला. दोन्ही ॲक्सल, नवी बेअरिंगे, सील, ऑइल आणि मजुरी धरून खर्च तीन हजार डॉलरच्या आसपास आला. या रकमेत गिअरच्या पोलादापेक्षा ते बसवणाऱ्याच्या कौशल्याचा वाटा मोठा आहे, असे माझे मत झाले आहे, आणि म्हणून या परीक्षणात मी त्या बसवण्याविषयीच अधिक लिहिणार आहे.

आधी हिशेब. माझ्या गाडीवर कारखान्यातून २६५/७०आर१६ मापाचे टायर आले होते, ज्यांचा व्यास ३०.६ इंच भरतो. त्यांच्या जागी लावलेले २८५/७०आर१७ टायर ३२.७ इंचांचे आहेत. म्हणजे चाकाच्या प्रत्येक फेऱ्यात गाडी सुमारे ७ टक्के जास्त अंतर कापते आणि कारखान्याचे ३.९१ चे गुणोत्तर प्रत्यक्षात ३.६६ असल्यासारखे वागते. ताशी ६५ मैलांच्या वेगाला सहाव्या गिअरमध्ये इंजिन मुळात मिनिटाला १,६२० च्या आसपास फेरे घेते. मोठ्या टायरवर ते १,५१५ पर्यंत उतरते. या इंजिनाचा २६५ पाउंड-फूट कमाल टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, ४,६०० फेऱ्यांवर मिळतो, त्यामुळे १,५०० वर त्याच्याकडून चढाची अपेक्षा करणेच चूक आहे. गिअरबॉक्सलाही हे समजते. तो सहावा सोडून पाचवा धरतो, पाचवा सोडून चौथा धरतो, रस्ता जरा सपाट झाला की पुन्हा सहाव्याकडे धावतो आणि पुढच्या चढाला पुन्हा तेच करतो. त्यात नवे टायर प्रत्येकी आठ-नऊ किलोंनी जड, पुढे पोलादी बंपर आणि छपरावर तंबू; या सगळ्याचे ओझे वरच्या हिशेबात धरलेलेही नाही.

कोलोरॅडोत याहून मोठा मुद्दा हवेचा आहे. डेन्व्हर शहरच ५,२८० फुटांवर वसलेले आहे, आणि तेथून पश्चिमेला जाणारा आय-७० महामार्ग आयझेनहॉवर बोगद्यापाशी ११,००० फुटांच्या वर पोहोचतो. लोणावळा समुद्रसपाटीपासून सुमारे ६२० मीटर उंचीवर आहे. हा बोगदा ३,४०० मीटरवर आहे. टर्बो नसलेल्या इंजिनाची ताकद दर हजार फुटांमागे साधारण ३ टक्क्यांनी कमी होते असा ठोकताळा आहे. त्या मापाने कागदावरच्या २७८ अश्वशक्तींपैकी जवळपास एक तृतीयांश बोगद्यापाशी पोहोचेपर्यंत नाहीशी झालेली असते, आणि नेमक्या त्याच रस्त्यावर ६ ते ७ टक्क्यांचे चढ आहेत. फ्लोरिडाच्या सपाट किनाऱ्यावर हेच टायर, हीच गाडी आणि ३.९१ चेच गिअर असलेला मालक कदाचित कुरकुर न करता वर्षानुवर्षे गाडी चालवील. त्यामुळे कोणते गुणोत्तर घ्यावे या प्रश्नाला केवळ टायरचा व्यास पाहून उत्तर देता येत नाही.

कार्यशाळेची पहिली चांगली गोष्ट मला येथेच दिसली. दुसऱ्या एका ठिकाणी फोनवर टायरचे माप सांगताच पलीकडून ५.२९ घ्या असे उत्तर आले होते. येथे मात्र कामाला लागणाऱ्या माणसाने स्वतः बसून विचारले की गाडी आठवड्यात कोठे चालते, सपाट महामार्गावर किती आणि डोंगरात किती, मागे काही ओढायचे आहे का, आणि पुढेमागे ३५ इंची टायर लावायचा विचार आहे का. व्यासाचा हिशेब केला तर ३२.७ इंची टायरवर मूळचा स्वभाव परत मिळवायला साधारण ४.१८ चे गुणोत्तर पुरेसे होते. त्याहून वर किती जायचे हे वजन आणि उंची पाहून ठरते. ४.८८ वर ६५ मैलांच्या वेगाला सहाव्या गिअरमध्ये इंजिन १,९०० च्या जवळ येते, तर ५.२९ वर २,०५० च्या. ज्यांची गाडी कायम लादलेली असते किंवा जे ३५ इंची टायरकडे जाणार आहेत त्यांना ५.२९ शोभते. माझा अर्धा प्रवास मैदानी महामार्गावरचा असल्याने ४.८८ योग्य, असे त्याचे म्हणणे पडले.

दातांचा मुद्दाही त्यानेच समजावून दिला. ३.९१ म्हणजे पिनियनला ११ दात आणि क्राऊनला ४३. ४.८८ साठी हे प्रमाण ८ ला ३९ असे होते, आणि ५.२९ साठी ७ ला ३७. हाऊसिंग, म्हणजे बाहेरचे खोके, तेच राहत असल्याने गुणोत्तर जितके वाढवावे तितकी पिनियन बारीक होते आणि एका वेळी एकमेकांत गुंतलेल्या दातांचा आधार कमी होतो. रोजच्या वापरात ५.२९ तुटतातच असे मुळीच नाही, पण गरज नसताना पिनियन बारीक का करायची, हा त्याचा प्रश्न मला पटला.

आता प्रत्यक्ष कामाविषयी. टॅकोमाच्या मागच्या ॲक्सलमध्ये डिफरन्शियलचा पूर्ण संच ॲक्सलच्या तोंडातून काढून टेबलावर घेता येतो, त्यामुळे मोजमाप सोयीने होते. पुढचे डिफरन्शियल निराळे आहे. त्याचे ॲल्युमिनियमचे खोके शिंपल्याच्या दोन पुडांसारखे मिटते, आणि आतल्या शिम, म्हणजे अंतर जुळवणाऱ्या पातळ चकत्या, बदलायच्या तर प्रत्येक वेळी ते उघडून, बदलून, बोल्ट ठरलेल्या टॉर्कने आवळून पुन्हा मोजावे लागते. चार चाकांना एकत्र जोर देताना पुढचे आणि मागचे गुणोत्तर एकच असावे लागते, नाहीतर सगळी यंत्रणा एकमेकांविरुद्ध ओढली जाते. म्हणून पुढचे काम किचकट असले तरी टाळता येत नाही. मजुरीचा बराचसा वेळ या पुढच्या खोक्यावर जातो आणि घाई करणारा कारागीर वेळही येथेच वाचवतो.

मागचे डिफरन्शियल टेबलावर असताना मला आत बोलावून दाखवले गेले. क्राऊनच्या काही दातांना पिवळा लेप लावून, हलका अडथळा देत क्राऊन दोन्ही दिशांना फिरवला की पिनियनचा दात जेथे टेकतो तेथला लेप पुसला जाऊन ठसा उमटतो. पहिल्या जुळणीत हा ठसा दाताच्या मुळाकडे झुकलेला होता, म्हणजे पिनियन गरजेपेक्षा आत बसली होती. त्याने बेअरिंग ओढून काढले, पिनियनखालची शिम बदलली आणि पुन्हा सगळे जुळवले. फरक इंचाच्या काही हजाराव्या भागाचा, कागदाच्या जाडीइतका. दुसऱ्या ठशात लंबगोल दाताच्या मधोमध आला, वरच्या कडेपासून आणि मुळापासून सारखा दूर. त्यानंतर डायल गेज लावून क्राऊनच्या परिघावर वेगवेगळ्या ठिकाणी बॅकलॅश मोजला, म्हणजे पिनियन स्थिर धरली असता क्राऊन किती हलतो ते पाहिले. आकडे ०.००७ इंचाच्या आसपास एकसारखे आले, याचा अर्थ क्राऊन वाकडा बसलेला नाही. हे सगळे पाहताना मला जाणवले की गिअर कितीही उत्तम असले तरी त्यांचे आयुष्य या एका तासाच्या चिकाटीवर ठरते.

आणखी एका निर्णयाची नोंद करायला हवी. पिनियनच्या बेअरिंगांना ठरावीक ताण देण्यासाठी सामान्यतः दाबला जाऊन चेपणारा स्लीव्ह वापरतात. नट जरा जास्त आवळला गेला तर तो परत सैल करून चालत नाही, नवा स्लीव्ह घालावा लागतो. या कार्यशाळेने मागच्या ॲक्सलमध्ये त्याऐवजी न चेपणारा, शिमवर जुळवायचा स्पेसर घातला. त्याला वेळ जास्त लागतो, पण खडकाळ रस्त्यांवर धक्के खाऊनही ताण टिकून राहतो. जुनी बेअरिंगे चांगली दिसत असली तरी एकही परत वापरले नाही, आणि काढलेली सगळी मला डब्यात घालून दाखवली. गाडी ताब्यात देताना दोन्ही ॲक्सलचे बॅकलॅश, बेअरिंगांचे ताण आणि ठशांची छायाचित्रे असलेला कागद मिळाला. तुम्ही असे काम कोणाकडेही द्या, हा कागद आधीच मागून ठेवा. जो कारागीर तो द्यायला कचरतो त्याच्याकडे गाडी सोडू नये, असे मी स्पष्टपणे सांगेन.

नवे गिअर मुरवणे हे मालकाचे काम. पहिल्या फेरीत पंधरा-वीस मैल सावकाश चालवून डिफरन्शियल पूर्ण थंड होऊ द्यायचे, पहिल्या ५०० मैलांत जोराचा पिकअप घ्यायचा नाही, मागे काही ओढायचे नाही आणि ५०० मैलांना ऑइल बदलायचे. दातांचे पृष्ठभाग एकमेकांवर घासून जुळत असताना उष्णता वाढते, आणि ती हाताबाहेर गेली तर दातांचा कडकपणा कायमचा उतरतो. ऑइल बदलताना चुंबकी बोल्टावर राखाडी, लोण्यासारखा बारीक लेप होता. कण किंवा कपचे नव्हते. वेग वाढवताना आणि पाय काढल्यावर, दोन्ही वेळी कान देऊन ऐकले तरी गुणगुण येत नाही.

रस्त्यावरचा फरक पहिल्याच चौकात कळतो. गाडी सिग्नलवरून सुटताना टायरचे वजन जाणवत नाही. आय-७० वर जॉर्जटाऊनच्या पुढच्या चढाला ती पूर्वी ६५ वर चौथ्या गिअरमध्ये २,६०० फेऱ्यांवर धापा टाकत असे आणि मग एकदम तिसऱ्यात जाऊन ओरडत असे; आता चौथ्यातच ३,२५० च्या आसपास ती चढ पेलते, कारण त्या फेऱ्यांवर इंजिनाकडे द्यायला काहीतरी असते. मैदानात सहावा गिअर खरोखर वापरात आला आहे. लो रेंजमध्ये, म्हणजे अवघड रस्त्यावर अगदी सावकाश चालण्यासाठीच्या जादा गिअरमध्ये, पहिल्या गिअरचे एकूण गुणोत्तर ३६ वरून ४५ वर गेले आहे, आणि खडकाळ उतारावर ब्रेकला हात न लावता, म्हणजे ब्रेकवर पाय न ठेवता, केवळ इंजिनाच्या आधाराने गाडी उतरते. माझ्या दृष्टीने हा लाभ चढाइतकाच मोलाचा आहे.

तरीही काही गोष्टी या कामाने होत नाहीत. गिअरबॉक्सच्या आतल्या पायऱ्या जशा होत्या तशाच राहतात, चौथा १.०० आणि पाचवा ०.६८७ यांतली मोठी दरी ॲक्सलमधले गिअर भरून काढू शकत नाहीत, त्यामुळे खाली उतरण्याचा धक्का अजूनही जाणवतो, फक्त प्रसंग कमी येतात. ब्रेकवर मोठ्या टायरचा भार तसाच आहे. या गाडीत वेग चाकांवरच्या सेन्सरवरून मोजला जात असल्याने गिअर बदलून स्पीडोमीटर बदलत नाही. तो मोठ्या टायरमुळे ७ टक्के कमी दाखवतो आणि ६५ दिसत असताना गाडी ६९ च्या वर असते. मैलही तितकेच कमी नोंदले जातात, म्हणून इंधनाचा हिशेब करताना आधी ही दुरुस्ती करावी, नाहीतर गाडी आहे त्यापेक्षा जास्त पिते असे वाटत राहते. दुरुस्त हिशेबाने पाहता माझ्या गाडीचा महामार्गावरचा खप जवळपास पूर्वीइतकाच आहे आणि डोंगरात किंचित सुधारला आहे. पेट्रोल वाचवून तीन हजार डॉलर वसूल होतील अशी आशा कोणी बाळगू नये.

ज्यांचे टायर २६५/७५आर१६ इतकेच, म्हणजे ३१.६ इंचांचे आहेत, त्यांनी हा खर्च करू नये. भारतातल्या वाचकांपैकी जे हायलक्सच्या मोठ्या टायरविषयी विचारतात त्यांचीही परिस्थिती वेगळी आहे: तेथे मिळणारे २.८ लिटर डिझेल टर्बोचे आहे, ऑटोमॅटिकमध्ये ५०० न्यूटन-मीटर टॉर्क कमी फेऱ्यांवरच देते, आणि उंचीवर टर्बोमुळे त्याची ताकद एवढी घसरत नाही. टॅकोमाच्या २०२४ पासूनच्या नव्या पिढीतही टर्बो इंजिन आणि आठ गिअर आले आहेत.

कार्यशाळेविषयी दोन उणिवा सांगायच्या आहेत. तारीख मिळायला बरेच आठवडे थांबावे लागले, आणि गाडी ठरल्यापेक्षा उशिरा मिळणार हे मला स्वतः फोन केल्यावर कळले. शिवाय ५०० मैलांनंतरचे ऑइल बदलणे मूळ दरात धरलेले नव्हते, आणि ते काम सोपवताना सांगितलेही गेले नव्हते. एवढ्या खर्चाच्या कामात ते दरपत्रकावर लिहिलेले असायला हवे. पुढच्या डिफरन्शियलची वेळ दरपत्रकात वेगळी दाखवावी, असेही मी त्यांना सुचवले आहे, म्हणजे दोन ठिकाणचे दर पडताळून पाहणाऱ्या माणसाला स्वस्त दरात नेमके काय गाळलेले आहे ते दिसेल.