सात दिवसांचे दहा दिवस : मार्ग आखून देणाऱ्या एका ॲपचे परीक्षण

लांब पल्ल्याच्या सायकल प्रवासाला किती दिवस लागतील, हे आकड्यात सांगणारे मार्ग-नियोजनाचे एक सशुल्क ॲप मी गेले वर्षभर वापरत आहे आणि त्याच्या भरवशावर ७२० किलोमीटरचा एक प्रवासही पूर्ण केला आहे. ॲपने त्यासाठी सात दिवस सांगितले होते, मला दहा लागले. ही तफावत कुठे पडली, हे मी परतल्यावर दिवसवार नोंदी समोर ठेवून तपासले. हे परीक्षण मुख्यतः त्याविषयीच आहे.

मार्ग आखण्याचे काम हे ॲप उत्तम करते. रस्ता डांबरी आहे की खडीचा, हे ते टप्प्याटप्प्याने दाखवते, चढाची तीव्रता रंगांनी वेगळी करते, आणि नकाशा आधी उतरवून घेतला असेल तर नेटवर्क नसतानाही वळणे अचूक सांगते. या बाबतीत माझी काहीही तक्रार नाही.

अडचण सुरू होते ती ‘दैनंदिन टप्पे’ या सोयीपासून. तिथे आपला सरासरी वेग आणि रोज किती तास सायकल चालवणार ते भरायचे असते. मी ताशी १७ किलोमीटर आणि सहा तास असे भरले. त्यावरून एकूण ४२ तास आणि म्हणून सात दिवस, असे उत्तर आले व ॲपने अंतराचे सात समान भाग करून रोज सुमारे १०३ किलोमीटरचा टप्पा आखून दिला. संपूर्ण मार्गावर ८,४०० मीटरचा चढ होता आणि त्यातला २,३०० मीटर एकट्या तिसऱ्या दिवशी होता, तरीही त्या दिवसाला तेच सहा तास. मी, सायकल आणि सामान मिळून वजन १०० किलोच्या आसपास होते. एवढे वजन २,३०० मीटर वर नेण्यासाठी सुमारे २,२५० किलोज्यूल ऊर्जा लागते. पायांतून चढासाठी सलग १०० वॅट मिळत राहिले असे धरले, तरी निव्वळ चढायलाच सव्वासहा तास होतात. म्हणजे सपाटीवरचे आणि उतारावरचे एकही किलोमीटर मोजण्याआधीच त्या दिवसाचा हिशेब संपलेला होता. उंचीचा एवढा सुंदर आलेख ज्या ॲपपाशी आहे, त्याने दिवसांची वाटणी करताना त्याच आलेखाकडे पाहू नये, हे मला खरोखर खटकले.

वेगाच्या आकड्यात मात्र चूक माझीही होती. १७ हा वेग रिकाम्या सायकलीवरच्या सकाळच्या फेऱ्यांतला होता. भरलेल्या पॅनिअरसह (सायकलीच्या बाजूंना अडकवायच्या सामानाच्या पिशव्या) संपूर्ण प्रवासाचा सरासरी वेग ताशी १४ निघाला आणि चाके फिरण्याचा वेळ ४२ वरून ५१ तासांवर गेला. पंधरा किलो सामान ८,४०० मीटर वर नेण्याचा भार त्याच १०० वॅटच्या हिशेबाने जवळजवळ साडेतीन तासांचा होतो. सामान भरलेल्या सायकलीवर सलग दोन दिवस फिरून आपला वेग काढावा आणि तोच ॲपमध्ये भरावा, असा माझा आग्रह आहे.

याहून महत्त्वाची गोष्ट अशी की ॲप फक्त चाके फिरण्याचा वेळ मोजते. जेवण, पाणी भरणे, पंक्चर काढणे, सावलीत टेकणे हे सगळे त्याच्या घड्याळाबाहेर राहते. माझ्या नोंदींनुसार रोज सरासरी पावणेसहा तास सायकल चालवण्यासाठी मी सुमारे नऊ तास रस्त्यावर होतो. ब्रेव्हे, म्हणजे ठरावीक वेळेत लांब अंतर पूर्ण करायच्या राइडमध्ये ही गफलत होत नाही, कारण तिथले घड्याळ थांबतच नाही : २०० किलोमीटरला साडेतेरा तास आणि ६०० किलोमीटरला ४० तास मिळतात, आणि झोपसुद्धा त्यातच घ्यावी लागते. ॲपने ‘चालवण्याचा वेळ’ आणि ‘रस्त्यावरचा वेळ’ असे दोन आकडे शेजारी दाखवले, तर मुक्कामाला अंधारापूर्वी पोहोचता येईल का, हे नवख्या माणसालाही कळेल.

वाऱ्यासाठी या हिशेबात जागाच नाही. ताशी १८ किलोमीटर वेगाने जाताना समोरून ताशी १५ किलोमीटरचा वारा आला आणि तोच वेग टिकवायचा म्हटले, तर हवेचा अवरोध तिपटीहून जास्त होतो. सातव्या आणि आठव्या दिवशी मला असाच वारा लागला आणि सपाट रस्त्यावर वेग घाटातल्यासारखा पडला. महिनाभर आधी वाऱ्याचा अंदाज ॲपने द्यावा, अशी अपेक्षा कोणी करणार नाही. पण आठवड्याच्या प्रवासात एखादा दिवस राखीव सुचवणे त्याला सहज शक्य आहे. विश्रांतीच्या दिवसाचेही तसेच. पाचव्या दिवशी गुडघा दुखू लागल्यामुळे मी थांबलो आणि तो दिवस आराखड्यात नसल्यामुळे पुढचे सगळे मुक्काम नव्याने ठरवावे लागले.

एवढे असूनही मी वर्गणी पुन्हा भरली आहे, कारण टप्प्यांच्या सीमा हाताने सरकवता येतात आणि सरकवल्याबरोबर दोन्ही दिवसांचा चढ नव्याने दिसतो. चढाचे दिवस ६०–७० किलोमीटरचे आणि सपाटीचे ९०–१०० चे, अशी वाटणी आता मी स्वतः करतो. तयार सात समान तुकड्यांपेक्षा हे अर्ध्या तासाचे काम कितीतरी उपयोगाचे आहे. स्वतःच्या वेगाची नोंद हाताशी असलेल्यांना हे ॲप मी निःशंकपणे सुचवेन. पहिल्याच प्रवासाची रजा त्याने सांगितलेल्या आकड्यावरून ठरवू नये.

पुढच्या ६४० किलोमीटरच्या मार्गासाठी मी ताशी १४ किलोमीटर आणि रोज साडेपाच तास असे भरले. ॲपने नऊ दिवस दाखवले. त्यात एक विश्रांतीचा आणि एक राखीव दिवस धरून मी अकरा दिवसांची रजा मागितली आहे.