सूट मागायची की सूनबाईंनीच निपाणीला यायचं?

माझा मावसभाऊ निपाणीचा, बायको अमेरिकेची नागरिक. व्हिसा संपल्यावरही तो तिकडे वर्षाहून जास्त राहिला. परत आला आणि 10 वर्षांची प्रवेशबंदी लागली. (180 दिवसांच्या वर, पण वर्षाच्या आत असता तर 3 वर्षं.) रोज सकाळी चहा गार होईपर्यंत तो फोनला चिकटलेला; तिची तेव्हा रात्र.

पहिला मार्ग म्हणजे आय-601 अर्ज करून बंदीतून सूट मागणं. इथे बहुतेकांची चूक होते. हाल त्याचे मोजत नाहीत, नागरिक असलेल्या बायकोचे मोजतात, आणि तेही पराकोटीचे असावे लागतात. नुसती आठवण येते म्हणून भागत नाही. तिच्या आजाराचे कागद, कर्जाचे हप्ते, तिकडच्या म्हाताऱ्या आईची जबाबदारी, सगळं पुराव्यानिशी मांडावं लागतं. तरीही शेवटी अधिकाऱ्याच्या मनावर.

दुसरा मार्ग, तिनेच इकडे येणं. भारतीयाची पत्नी म्हणून एन्ट्री व्हिसा मिळतो. नोंदणी झालेल्या लग्नाला 2 वर्षं झाली की ओसीआयसाठी, म्हणजे परदेशी नागरिकाला भारतात दीर्घकाळ राहू देणाऱ्या कार्डासाठी, अर्ज करता येतो. शेतजमीन मात्र विकत घेता येत नाही.

कागद भक्कम असतील तरच सूट मागा. नसतील तर ती वर्षं फोनवर घालवू नका, हे मी त्याला कळकळीने सांगितलं. मावशीने माडीवरची खोली रंगवूनही ठेवलीय.