कायझर की बेरी? लहान कॉलेजांचे दोन नवे फुटबॉल संघ

अमेरिकेत हायस्कूलला फुटबॉल (म्हणजे हाताने चेंडू फेकायचा, धक्काबुक्कीचा अमेरिकन फुटबॉल) खेळणाऱ्या मुलाला मोठ्या विद्यापीठांकडून बोलावणं आलं नाही, तर घरात चर्चा सुरू होते ती लहान कॉलेजांची. यातल्या बऱ्याच कॉलेजांनी गेल्या पंधरा-वीस वर्षांतच फुटबॉल सुरू केलाय. त्यातली दोन शेजारी ठेवून पाहू: फ्लोरिडात वेस्ट पाम बीचला खेळणारं कायझर विद्यापीठ (पहिला हंगाम २०१८, संघटना एनएआयए, म्हणजे मुख्यतः लहान कॉलेजांची क्रीडा संघटना) आणि जॉर्जियातल्या रोम गावचं बेरी कॉलेज (पहिला हंगाम २०१३, एनसीएए या मोठ्या कॉलेज क्रीडा संघटनेचा तिसरा गट, डिव्हिजन थ्री).

आधी पैसे, कारण खरा फरक तिथेच आहे. एनएआयएमध्ये एका फुटबॉल संघाला २४ पूर्ण शिष्यवृत्त्यांइतकी रक्कम वाटता येते. संघात मुलं शंभर किंवा त्याहून जास्त. म्हणजे कॉलेजने सगळी रक्कम वापरली तरी सरासरी जेमतेम पाव शिष्यवृत्ती हाती येते, आणि त्यातही क्वार्टरबॅक (चेंडू फेकून आक्रमण चालवणारा) आणि लाइनमन (समोरासमोर भिडणारे दणकट खेळाडू) यांच्या वाट्याला मोठा भाग जातो. ‘स्कॉलरशिप मिळाली’ हे ऐकून पेढे वाटण्याआधी आकडा डॉलरमध्ये आणि लेखी मागा. रक्कम एका वर्षाची आहे की चार, आणि गुडघ्याचं ऑपरेशन झालं तर तिचं काय, हेही त्याच पत्रात हवं.

डिव्हिजन थ्रीमध्ये खेळासाठी एक डॉलरही देता येत नाही. बेरीत मिळेल ती मदत गुणांवर किंवा घरच्या उत्पन्नावर. कानाला हे कमी वाटतं, पण मुलाने दुसऱ्या वर्षी फुटबॉल सोडला तरी ही मदत त्या कारणाने जात नाही. शिवाय बेरीत प्रत्येक विद्यार्थ्याला कॅम्पसवर पगारी काम देण्याची पद्धत आहे. दोन्ही कॉलेजांच्या संकेतस्थळांवर नेट प्राइस कॅल्क्युलेटर (मदत वजा जाता किती खर्च येईल याचा अंदाज देणारं साधन) आहे. त्यात माहिती भरा आणि राहण्या-जेवणासकट वर्षाचं एकूण बिल ताडून पाहा. शिष्यवृत्ती किती टक्के, यावरून काहीच कळत नाही.

मैदानावर कायझर सरळ पुढे आहे. २०२२, २०२३ आणि २०२४ असे सलग तीन हंगाम त्यांनी एनएआयएचा राष्ट्रीय अंतिम सामना गाठला आणि २०२३ला, म्हणजे सहाव्याच हंगामात, विजेतेपद मिळवलं. एनएआयएत असं आधीही घडलंय: इंडियानापोलिसच्या मॅरियन विद्यापीठाने २००७ला संघ सुरू करून २०१२ला, तर डी मॉइनच्या ग्रँड व्ह्यू विद्यापीठाने २००८ला सुरू करून २०१३ला किताब जिंकला. शिष्यवृत्ती देता येत असल्याने दुसऱ्या कॉलेजांतून आलेली, वीस-बावीस वर्षांची तयार मुलं घेता येतात. त्याची दुसरी बाजू अशी की अठरा वर्षांच्या मुलाला डेप्थ चार्टवर (प्रत्येक जागेसाठी कोण आधी उतरणार याच्या यादीत) त्यांच्या मागे थांबावं लागतं. सामन्यात न उतरता खेळण्याचं एक वर्ष पुढे राखून ठेवणं, म्हणजे रेडशर्ट, इथे नेहमीचंच.

बेरीची वाट वेगळी. फर्स्ट इयरची मुलं घ्यायची आणि त्यांनाच चार वर्षं वाढवायचं. अशा संघाचे सुरुवातीच्या वर्षांत हाल होतात, आणि त्याचं मुख्य कारण असते लाइन, म्हणजे लाइनमनची फळी. फेकलेला चेंडू झेलणारा चपळ रिसीव्हर पहिल्या वर्षीही चमकू शकतो, पण क्वार्टरबॅकला संरक्षण देणाऱ्या ऑफेन्सिव्ह लाइनच्या मुलाचं वजन, ताकद आणि पायांची सवय वेटरूममध्ये दोन-तीन वर्षं घातल्याशिवाय येत नाही. समोर बावीस वर्षांचा डिफेन्सिव्ह टॅकल (बचाव फळीतला आडदांड खेळाडू) असला की पोरं ढकलली जातात. क्वार्टरबॅकला चेंडू फेकायला वेळच मिळत नाही आणि समोरच्या संघाचा स्कोअर पन्नासच्या घरात जातो. पहिले प्रशिक्षक टोनी कुन्झेव्हस्की यांनी धीर धरला आणि चौथ्या हंगामात, २०१६ला, बेरी आपल्या कॉन्फरन्सच्या (दरवर्षी आपसात खेळणाऱ्या कॉलेजांच्या गटाच्या) शिखरावर पोचलं. सुरुवातीचे दोन हंगाम घरचे सामने गावातल्या बॅरन स्टेडियमवर व्हायचे. कॅम्पसवरचं व्हॅलहॅला स्टेडियम २०१५ला उभं राहिलं.

कायझरला किताब मिळवून देणारे पहिले प्रशिक्षक डग सोचा मात्र २०२४च्या सुरुवातीला दुसऱ्या कॉलेजात गेले. यशस्वी संघात हे होणारच, म्हणून फक्त प्रशिक्षकाच्या भरवशावर कॉलेज निवडू नका.

लहान कॉलेज फुटबॉल सुरू करतं ते बरेचदा विद्यार्थिसंख्येसाठी: शंभर खेळाडू म्हणजे फी भरणारे शंभर जास्तीचे विद्यार्थी. म्हणून संघाच्या संकेतस्थळावरची खेळाडूंची यादी उघडा आणि फर्स्ट इयर, सेकंड इयर असे वेगवेगळे मोजा. पहिल्या वर्षाला साठ आणि शेवटच्या वर्षाला दहाच असतील, तर मधली पन्नास कुठे गेली हे प्रशिक्षकांना स्पष्ट विचारा. कॉलेजची आर्थिक स्थितीही पाहा. फ्लोरिडा टेक या विद्यापीठाने २०१३ला सुरू केलेला संघ २०२०ला बंद केला. बेरीच्याच कॉन्फरन्समधलं बर्मिंगहॅम-सदर्न २००७ला फुटबॉलमध्ये परतलं होतं, पण ३१ मे २०२४ला अख्खं कॉलेजच बंद झालं.

आमचं मत: मुलगा खेळात खरोखर वरच्या पातळीचा असेल, एक-दोन वर्षं बाकावर बसायची तयारी असेल आणि घरचं बिल परवडत असेल, तर कायझर. गुण चांगले असतील आणि पदवी झाल्यावर फुटबॉल संपणार हे मान्य असेल, तर बेरी. बहुतेक मराठी घरांतली मुलं दुसऱ्या गटात बसतील. एच-४ व्हिसावरच्या (आई किंवा वडील एच-१बी नोकरी व्हिसावर असलेल्या) मुलांना केंद्र सरकारची (फेडरल) आर्थिक मदत मिळत नाही आणि एकविसाव्या वर्षी तो व्हिसाही संपतो, त्यामुळे अशा घरांनी कॉलेजची स्वतःची मदत किती, हे सगळ्यात आधी विचारावं.

कॅम्पस बघायला जाल तेव्हा ऑगस्टचा सराव पाहा. दोन्ही गावी उकाडा प्रचंड. मैदानाच्या कडेला बर्फाच्या पाण्याने भरलेला टब आणि पूर्णवेळ अ‍ॅथलेटिक ट्रेनर (खेळाडूंच्या दुखापती आणि प्रथमोपचार पाहणारे) आहेत ना, हे बघा. उष्माघात झालेल्या खेळाडूला आधी तिथेच थंड करायचं आणि मगच हॉस्पिटलला हलवायचं, हा नियम ट्रेनरला न अडखळता सांगता आला पाहिजे.