मुलींच्या खो-खोला मुलांच्या क्रिकेटइतकेच गुण : पश्चिम नागपुरातील एका सहशिक्षण शाळेविषयी

पश्चिम नागपुरातील या माध्यमिक शाळेत माझी मुलगी आठवीत आणि मुलगा सहावीत शिकतो. इमारत, प्रयोगशाळा आणि ग्रंथालय शहरातल्या इतर चांगल्या शाळांसारखेच आहे, राज्य मंडळाचा अभ्यासक्रमही शिक्षक मन लावून शिकवतात. त्याविषयी यापेक्षा अधिक लिहीत नाही, कारण प्रवेशाची चौकशी करणाऱ्या पालकांना आवर्जून सांगावी अशी या शाळेची खरी मिळकत म्हणजे तिथल्या हाऊस स्पर्धा, म्हणजेच सर्व इयत्तांतील मुलामुलींचे ‘हाऊस’ नावाचे गट पाडून त्या गटांमध्ये होणाऱ्या स्पर्धा.

हाऊसची पद्धत मूळची इंग्लंडमधील निवासी शाळांची; तिथे मुले खरोखरच वेगवेगळ्या घरांत राहत आणि त्या घरांमध्ये सामने होत. आपल्याकडच्या दिवसाच्या शाळांत ती आली, तेव्हा पुष्कळ ठिकाणी रंगीत टी-शर्ट आणि वर्षातून एकदाचे संचलन एवढीच शिल्लक राहिली. या शाळेने मात्र तिला आपली माती दिली आहे. चार हाऊसना वैनगंगा, वर्धा, कन्हान आणि पेंच अशी नावे आहेत. पेंच कन्हानला मिळते, कन्हान वैनगंगेला, आणि वैनगंगा व वर्धा एकत्र येऊन प्राणहिता होते, हे पाचवीतले मूल भूगोलाच्या तासाआधीच शिकते. नागपूरला पिण्याचे पाणी पेंच आणि कन्हानवरून येते, हेही त्याला ठाऊक असते. पाचवीत चिठ्ठी काढून मिळालेले हाऊस शेवटपर्यंत बदलत नाही आणि भावंडांना एकाच हाऊसमध्ये ठेवतात.

मला सर्वांत मोलाची वाटते ती गुण देण्याची पद्धत. मुलांच्या क्रिकेटच्या विजेतेपदाला जेवढे गुण, तेवढेच मुलींच्या खो-खोच्या विजेतेपदाला, आणि दोन्हींची बेरीज हाऊसच्या एकाच तक्त्यात होते. मुले-मुली एका वर्गात बसवली म्हणजे सहशिक्षण झाले, अशी समजूत असलेल्या अनेक शाळांत मुलींचा सामना सुरू असताना मुलगे मैदानाच्या दुसऱ्या टोकाला आपापला खेळ खेळत असतात. येथे तसे होऊच शकत नाही, कारण फिरता चषक कोणाकडे जाणार हे त्या सामन्यावर ठरते. मागच्या हिवाळ्यात मुलींच्या अंतिम सामन्यात आठ जणी पाटीत बसलेल्या, नववी पाठलागावर आणि शेवटची संरक्षक खांबाभोवती हुलकावण्या देत असताना दहावीतले उंचपुरे मुलगे घसा बसेपर्यंत ‘खो’ची वेळ ओरडून सांगत होते. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत झालेल्या पहिल्या खो-खो विश्वचषकात भारताच्या पुरुष आणि महिला या दोन्ही संघांनी विजेतेपद मिळवले, तेव्हापासून या खेळाकडे पाहण्याची पालकांची नजरही बदलली आहे. रिले शर्यतीत दोन मुले आणि दोन मुली धावतात, आणि कोणी कोणत्या टप्प्यावर धावायचे हे हाऊसने स्वतः ठरवायचे असते; त्यावरून होणारी चर्चा शर्यतीइतकीच ऐकण्याजोगी असते.

स्पर्धा केवळ मैदानी नाहीत. वक्तृत्व, समूहगान, भित्तिपत्रक आणि बुद्धिबळ यांचेही गुण त्याच तक्त्यात जातात. नागपूरच्या दिव्या देशमुखने जुलै २०२५ मध्ये बातुमी येथे महिला विश्वचषक जिंकून ग्रँडमास्टर किताब मिळवला, त्यानंतर बुद्धिबळाची नावनोंदणी इतकी वाढली की प्राथमिक फेऱ्या वर्गावर्गांत घ्याव्या लागल्या. एरवी मैदानावर न दिसणाऱ्या मुलांनाही त्यामुळे आपल्या हाऊससाठी काही केल्याचे समाधान मिळते.

वेळापत्रक नागपूरच्या हवामानाला धरून आखलेले आहे. विदर्भातील शाळा उन्हामुळे जूनच्या अखेरीस उघडतात. पावसाळ्यात बैठ्या स्पर्धा आणि डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत मैदानी स्पर्धा, हा क्रम अतिशय शहाणपणाचा आहे.

दोन गोष्टी मात्र मला खटकतात आणि त्या शाळेने बदलाव्यात असे मनापासून वाटते. पहिली म्हणजे उशिरा येणे किंवा गणवेशातील उणीव यांसाठी हाऊसचे गुण कापणे. रेल्वे फाटकाजवळ व्हॅन अडकली म्हणून सहावीतल्या मुलाला आपल्याच हाऊसमधल्या मोठ्या मुलांची बोलणी खावी लागतात, ही शिस्त नव्हे. मुलाने खेळून कमावलेला गुण अशा कारणासाठी काढून घेऊ नये. दुसरी गोष्ट अशी की दहावीच्या विद्यार्थ्यांना सामने पाहता येतात, पण मंडळाच्या परीक्षेचे कारण सांगून त्यांना खेळू दिले जात नाही. पाच वर्षे एका हाऊसकडून खेळलेल्या मुलांना निदान एखादा सामना तरी शेवटचा म्हणून खेळू द्यावा. परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये असते, डिसेंबरमधली एक सकाळ त्यांना परवडेल. पालक सभेत मी हे दोन्ही मुद्दे मांडले आहेत आणि मुख्याध्यापिकांनी गुणकपातीचा फेरविचार करण्याचे आश्वासन दिले आहे.

ज्यांना पाचवीसाठी प्रवेश घ्यायचा आहे, त्यांनी माहितीपत्रकावर न थांबता कार्यालयाबाहेरच्या फलकावरील हाऊसचा गुणतक्ता वाचावा आणि शक्य झाल्यास अंतिम सामन्यांच्या दिवशी शाळेत यावे; त्या दिवशी पालकांना मैदानात प्रवेश असतो.